घोंगडीवरचा अर्धा तास

मेंढरांचा वाडा, अक्कलकोटच्या पुढं
७ डिसेंबर २०२५

पूनम,

आशीर्वाद लिवलेला न्हाय. तो शोधत बसू नकोस.

ही चिठ्ठी मी, तुझी सासू म्हाळसाबाई, सांगतीया आणि हितल्या अंगणवाडीच्या चन्नम्माबाई लिवत्यात. मी तुझ्याशी बोलत न्हाय. परवा फोनवर मी तुला एवढंच इचारलं की दिवसाढवळ्या दार लावून काय करतीस. तर तू म्हनलीस, "आत्या, पाठ माझी आहे, दारही माझं आहे," आणि फोन ठिवलास. सासूच्या तोंडावर फोन! तवाच मी बिरोबाची आन घेतली. देवाची माफी मागितल्याबिगर माझ्या तोंडातनं तुझ्यासाठी एक शबूद निघायचा न्हाय. आन बोलायची हाय, लिवायची न्हाय. म्हणून हा कागूद.

मी डोळ्यांनी बघितलंय पूनम. कुनी सांगितलेलं न्हाय. माझ्या पोराची पँट घालून तू उताणी पडलीयास, गुडघं वर, कंबर वर, आणि म्होरं फोनमदी एक बाई, ती बी तसलीच उताणी. ती म्हनंल तसं तू करतीस. सासू म्हनंल तसं कदी केलंस का गं? आणि अंगाखाली काय अंथरलंस? काळी घोंगडी, पांढऱ्या काठाची. देवाची घोंगडी! जिच्यावर बिरोबाचा भंडारा पडतो, जिच्यावर तुझ्या सासऱ्यानं मरेपतूर पाय ठिवला न्हाय, तिच्यावर तू ढुंगण टेकून पाय हवेत करतीस. लाज कुटं ठिवलीस? होटगीला आईकडं?

माझ्या पोराला, मायाप्पाला, सांगितलंय, दाराची कडी काढून टाक. कडीच न्हाय म्हनल्यावर बघू कशी पडतीस ती. आणि तू घोंगडी घेऊन बिरोबाच्या देवळात जायचं, भंडारा लावायचा, नाक घासायचं.

हितं मला मरायला सवड न्हाय. आठ कोकरं झाल्यात, थंडी लई पडलीया. माझा राजा तेवढा झ्याक हाय. गेल्या आषाढात एवढा थोरला एडका चारीत पडला, पोट फुगलं, सगळी म्हनली मेला. पर माझ्या हाकंवर उठला की न्हाय? मुक्या जनावराला माझी किंमत हाय. तुला न्हाय.

मायाप्पा रविवारी शिधा घेऊन येतो, त्याच्याकडनंच धाडतीया. पाकीट लोकरीच्या दोऱ्यानं शिवलंय. टाका तुटलेला दिसला तर त्याला इचार.

म्हाळसाबाई (अंगठा)

ताई, आजी बोलल्या तसंच लिहिलंय. दोन शब्द तेवढे गाळलेत. राग मानू नका. – चन्नम्मा

*

सोलापूर
१३ डिसेंबर २०२५

आत्याबाईंना,

नमस्कार करते, कारण तो मला आईनं शिकवलाय. आईचं नाव काढलंत म्हणून मुद्दाम लिहिलं. बाकी ह्या पत्रात गोड काही नाही.

कडी निघाली. सोमवारी कामावर जाताना तुमच्या चिरंजिवांनी स्क्रू काढले, कडी डब्याच्या पिशवीत टाकली आणि एमआयडीसीला घेऊन गेले. जणू तिथं टॉवेलऐवजी कड्याच विणतात! दाराला आता चार भोकं आहेत. वारा आला की दार आपोआप उघडतं, आणि बोळातून जाणारा येणारा आत बघतो.

आता मी दार लावून काय करत होते ते ऐका. चन्नम्माताई, हे जरा हळू वाचा. त्याला पिलाटेस म्हणतात. नाच नाही, नखरा नाही. माझ्या मणक्यातली गादी सरकलीय. डाव्या पायाला मुंग्या येतात. चालता चालता पायातली चप्पल निघून मागं राहते आणि मला कळत नाही. परवा भाजी मंडईतून एक चप्पल घालून घरी आले, आत्या. अनवाणी पायात काच घुसली होती, तीही कळली नाही. रक्ताचे ठसे बघून कळलं.

दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमनी सांगितलंय की सहा आठवडे एक दिवसही न चुकता हे व्यायाम करायचे. बारा जानेवारीला तपासणी आहे. पायात फरक पडला नाही तर पाठ उघडावी लागेल. रोज रिक्षानं दवाखान्यात जाणं मला जमत नाही, म्हणून व्हिडिओ लावते. त्यात एक बाई आहे. ती म्हणते, श्वास सोडा, बेंबी आत ओढा, कंबर हळूहळू उचला, एकेक मणका जमिनीवरून सुटू द्या. हसू येतंय ना? मलाही आलं होतं पहिल्या दिवशी. मग कंबर उचलली आणि रडू आलं. डोकं आणि पाय दोन्ही वर धरायचा भाग मॅडमनी मला करायचा नाही म्हणून सांगितलंय. तेवढा वेळ मी नुसती श्वास घेत पडते. मधेच सिमेंटची जाहिरात लागते, तेव्हा कंबर वर धरूनच थांबते, कारण हात फोनपर्यंत पोचत नाही. ही माझी मजा!

पँट ह्यांची घातली, कारण साडीत पाय उचलता येत नाहीत. दिवसभर मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. त्यातला सकाळी दहा ते साडेदहा, एवढा अर्धा तास मी माझ्या पाठीला देते. घर एका खोलीचं. दार उघडं टाकून हे करू? तुम्ही केलं असतंत?

आणि घोंगडी. शहाबादी फरशी थंड आणि चादर सरकते, म्हणून घोंगडी दुहेरी अंथरते. टोचते, पण सरकत नाही. ती देवाची नाही. लग्नात तुम्ही मला दिलेली आहे ती. देवाच्या घोंगडीवर भंडाऱ्याचा डाग आहे ना? हिच्यावर कणभर पिवळं नाही. मी माफी मागणार नाही.

तुम्ही डोळ्यांनी बघितलं म्हणता. तुम्ही तिकडं, मी इकडं, कुठून बघितलंत? मला वाटतं समोरच्या झीनतनं तोंड उघडलं. तिच्या खिडकीतून आमचं घर दिसतं. हा व्हिडिओही तिनंच शोधून दिला होता. काल मी तिच्या दारात जाऊन नको नको ते बोलले. सहा वर्षांची मैत्री होती. ती आत निघून गेली. ह्याचं पापही तुमच्याच खात्यावर.

पूनम

*

वाडा
१४ डिसेंबर २०२५

पूनम,

तुझा कागूद ऐकला. कान किटलं.

मी बाळंतीण हुते तवा चौथ्या दिवशी मेंढरांमागं चालत हुते. मायाप्पाला पाठीवर बांधून. गादी बी सरकली न्हाय आणि गादीवर झोपायला बी मिळालं न्हाय. तुमी बाथरूममदी पाय घसरून पडता, रबराच्या चपला घालून, आणि मग मणकं मोजत बसता. मायाप्पानं तवाच सांगितलं हुतं, "आई, पूनम बाथरूममदी पडली, दोन दिसात बरी हुईल." दोन दिसाचं सहा म्हयनं झालं. काम नको असलं की दुखणं लांबतंय.

डाग न्हाय म्हनतीस! म्हंजे तू धुतलीस! देवाचा भंडारा साबणानं धुतलास व्हय गं भवाने? माझ्या हातनं मी देवाची घोंगडी पेटीत तळाला ठिवली हुती आणि वरची घेऊन दसऱ्यानंतर बाहीर पडले. मी काय खुळी हाय? तुझी घोंगडी हितं माझ्यापाशी हाय. तिच्यावर कोकरं निजवतीया, गारठ्यानं मरू नयेत म्हणून. तिचं काय बी हुंदे, तुझीच हाय.

आणि कुठनं बघितलं म्हणून इचारतीस. आपल्या मेंढक्या बिरुदेवाच्या फोनमदी बघितलं. एकटीनं न्हाय. बिरुदेव, दुसरा मेंढका तो येडू, त्याची बायकू, ज्याच्या रानात वाडा हाय तो शेतवाला, सगळ्यांनी. जेवत हुतो आमी. येडू हसून हसून ठसका लागून मरायला झाला. म्हनला, म्हाळसामावशी, तुमची सून प्रसूत हुतीया का पोहतीया? मी ताट सारून उठले. माझ्या घरची सून, आणि गडी माणसं बघून हसत्यात! माझं काळीज जळालं पूनम. तुला तिकडं चपलीची पडलीया.

कुणी धाडलं ते मी सांगायची न्हाय. घरात आग नको. पर ती झीनत न्हाय. बिचारीला उगं बोललीस.

म्हाळसाबाई

ताई, एक शिवी मी लिहायला नकार दिला, त्यावरून आजी माझ्यावरही रागावल्या. तो व्हिडिओ मीही पाहिलाय. मी हसले नाही. पाठवणाऱ्याचं नाव वर दिसतं. ते लिहायची मला परवानगी नाही. – चन्नम्मा

*

सोलापूर
२० डिसेंबर २०२५

आत्याबाई,

हे पत्र उभ्यानं लिहितेय, ओट्यावर कागद ठेवून. मला बसता येत नाही.

कडी नव्हती म्हणून मंगळवारी मी शिलाई मशीन ढकलत नेऊन दाराला लावलं. कुणी आत येऊ नये आणि माझा अर्धा तास व्हावा म्हणून. मशीन दारापर्यंत गेलं आणि माझी कमर तिथंच राहिली. दोन दिवस फरशीवर पडून होते. टॉवेलचे गठ्ठे तसेच परत पाठवले. तुमच्या एका कडीचा हा हिशेब.

पडल्या पडल्या हाताशी ह्यांचा फोन होता, चार्जिंगला लावून विसरलेला. चन्नम्माताईंची ओळ डोक्यात होतीच. उघडला. सापडलं. बिरुदेवला पाठवलेला व्हिडिओ, खिडकीच्या फटीतून काढलेला, एक मिनिट बारा सेकंद. खाली लिहिलंय, "आई विचारत होती ना, ही दार लावून काय करते? दाखव तिला. मेंढीगत पाय झाडते." आणि हसणारी तीन तोंडं.

आत्या, मी स्वतःला कधी बघितलं नव्हतं व्यायाम करताना. कंबर उचलताना माझे ओठ हलतात. मी आकडे मोजत असते. डोळे घट्ट मिटलेले आणि मानेची शीर तटतटलेली. ह्याच्यावर हसला तो येडू? आणि माझा नवरा खिडकीबाहेर उभा राहून एक मिनिट बारा सेकंद हे बघत होता. आत येऊन पाठीखाली हात नाही लावला त्यानं! फोन धरला!

संध्याकाळी आल्यावर विचारलं. म्हणाले, "गंमत केली गं. एवढं काय?" मी अशी ओरडले की झीनत चप्पल न घालता धावत आली. मी तिला चोर म्हटलं होतं, तरी आली. मी माफी मागितली. "मेरेकू ऐसी समझी ना तू?" म्हणाली, आणि माझ्या गुडघ्याखाली उशी सरकवली. परत बोलली नाही. तीन दिवस झाले, भाकरी आणून ठेवते आणि न बोलता जाते. तुमच्या अबोल्यापेक्षा तिचा अबोला मला जास्त लागतोय, हे खरं सांगते.

आता एक गोष्ट. ती सांगायची नाही असं ठरलं होतं. आता मी काही ठरलेलं पाळणार नाही.

बाथरूममध्ये मी पडलेच नाही.

आषाढ आठवा. मी आणि हे शिधा घेऊन वाड्यावर आलो होतो. तुमचा राजा चारीत पडला होता, पोट फुगून टम्म. बिरुदेव डॉक्टरला आणायला गेला होता. तुम्ही चारीच्या काठावर उभ्या राहून ओरडत होतात, "उचल गं पूनम, उचल, माझा राजा मरतोय!" हे पुढून, मी मागून. साठ किलोचं जनावर, चिखलानं माखलेलं. अर्ध्यावर आणलं आणि ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी एक हात काढला. आत्या, फोन घ्यायला हात काढला! पुढची बाजू सुटली आणि सगळा राजा माझ्या अंगावर आला. मी सोडला असता तर तो खाली दगडावर पडून मेला असता. मी सोडला नाही. कमरेत कट् झालं ते मला ऐकू आलं. तसाच उचलून काठावर लोटला. तुमच्या हाकेवर नाही उठला तुमचा राजा. माझ्या पाठीवरनं उठला.

तुम्ही त्याच्या गळ्यात पडून रडत होतात. मला हाक मारलीत ती पाणी आण म्हणून. मी आणलं. परत येताना टेम्पोत हे म्हणाले, "आईला सांगू नको, तिला फार लागेल. बाथरूममध्ये पडलीस म्हणू." मला वाटलं तुमच्या मायेपोटी म्हणतायत. आता कळतंय, आपला सुटलेला हात झाकायला म्हणत होते. आणि मी मूर्ख, सहा महिने तुमचे टोमणे ऐकत बाथरूममध्ये पडत राहिले.

राहिली घोंगडी. मी धुतली नाही. जिच्यावर कोकरं निजवता ना, ती उचला आणि कोपरे बघा. देवाच्या घोंगडीला उदाच्या निखाऱ्यानं पडलेलं भोकही आहे, तुम्हीच सांगितलं होतं. डोळ्यांनी बघितलं म्हणता ना सगळं? हेही बघा.

पूनम

*

२१ डिसेंबर २०२५

पूनमताई,

हे पत्र माझं आहे. आजींनी काही सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "राजाचं परत वाच." परत वाचलं. मग उठल्या, कोकरं एकेक करून बाजूला केली आणि घोंगडी उन्हात नेऊन झटकली. लेंड्या, माती, सगळं पडलं. कोपऱ्यात पिवळं होतं. भोकही होतं. त्यांना मोतीबिंदू आहे, नीट दिसत नाही, म्हणून भोकात बोट घालून बघितलं. बराच वेळ बोट तसंच ठेवून बसल्या होत्या.

राजा येऊन त्यांना डोकं घासायला लागला. त्यांनी त्याला ढकललं. मी तीन आठवडे बघतेय, कधी ढकललेलं नव्हतं. तुमचे मिस्टर चहा पीत बसले होते. "काय लिहिलंय?" म्हणून विचारलं. आजींनी नुसतं बघितलं. त्यांच्या जागी मी असते तर चहा तिथंच ठेवून पळाले असते.

उत्तर सांगा म्हटलं तर म्हणाल्या, "यव्वा बाई, आज न्हाय."

चन्नम्मा

*

सोलापूर
२७ डिसेंबर २०२५

आत्याबाई,

उत्तर नाही आलं. मला वाटलंच होतं. ओरडायला तुमच्याकडं पानंच्या पानं असतात, आणि चूक निघाली की चन्नम्माताईंना पुढं करता.

मी सोमवारी होटगीला आईकडं चाललेय. भांडून नाही, पाठ घेऊन. तिथल्या खोलीला कडी आहे. सहा आठवड्यांतले पाच दिवस तुमच्या घरानं खाल्ले, उरलेले मला कुणाला द्यायचे नाहीत. बारा तारखेची तपासणी करून मग बघू, परत यायचं की नाही. तुमच्या चिरंजिवांना सांगितलंय. ते म्हणाले, "आईला काय सांगू?" मी म्हटलं, सांगा बाथरूममध्ये पडली.

पूनम

*

वाडा
२८ डिसेंबर २०२५

पूनम,

चन्नम्मा, एक शबूद गाळायचा न्हाय. शिवी आली तर शिवी लिव. आज शिव्या माझ्या पोटच्या पोरासाठी हायत.

आठ दिस मी गप बसले ते लाजेनं न्हाय, रागानं. राग कुणाकडं फिरवायचा ते कळंना. तुझा आला, की सहा म्हयनं गप का ऱ्हायलीस? मी काय राक्षीण हाय? सांगितलं असतंस तर एडका इकला असता. खोटं कशाला बोलू, इकला नसता. पर तुला दिसभर मशीनवर तरी बसू दिलं नसतं. मग माझा सोताचा आला. काठावर मी हुते. डोळं हुतं मला तवा. पोरीच्या अंगावर जनावर आलं आणि मला जनावरच दिसलं.

आणि मग आला मायाप्पाचा. तो काय जाता जाईना.

आज तो शिधा घेऊन आला. मी म्हनलं, राजाला टेम्पोत घाल, अक्कलकोटच्या बाजारात न्यायचा हाय. म्हनला, बिरुदेवाला हाक मारतो. म्हनलं, न्हाय. एकट्यानं. तुझी बायकू उचलती, तुला काय धाड भरलीया? येडू, त्याची बायकू, शेतवाला, सगळ्यांना बोलावून बसवलं. बिरुदेवाला म्हनलं, काढ रं फोन. मायाप्पानं पयल्यांदा उचलला तर राजानं लाथ घातली. दुसऱ्यांदा गुडघ्यापतूर आणला आणि पाठ धरून खाली बसला तो, मेला, बसलाच. येडू हसाया लागला. मी काठी उगारली, म्हनलं, आता हसलास तर तुला उचलायला लावीन. मग मी माझ्या पोराम्होरं उभी ऱ्हायले आणि सगळ्यांच्यात इचारलं, आषाढात हात का काढलास? फोन वाजला म्हनला. म्हनलं, फोन कुणाचा हुता? म्हनला, कंपनीचा हुता, रिचार्जचा. रिचार्ज! माझ्या सुनंची पाठ रिचार्जपायी गेली!

बिरुदेवाच्या फोनमदनं तुझा तो व्हिडिओ माझ्यासमोर काढून टाकला. येडूच्या बी. आता मायाप्पाचा हाय त्यात. एक मिनिट न्हाय, चांगला चार मिनिटं हाय. तुला बघायचा असंल तर धाडतो म्हनतोय बिरुदेव.

पिशवीत कडी हाय. नवी, लोखंडाची, चन्नम्माच्या नवऱ्यानं बाजारातनं आणलीया. चार स्क्रू हायत, मोजून घे. ज्यानं काढली त्याच्याच हातानं बसवून घे. पाठ दुखती म्हनला तर म्हन, दोन दिसात बरी हुईल. हा कागूद त्याला वाचून दाखव. पाकीट शिवलेलं हाय, आत काय हाय ते त्याला ठावं न्हाय. आपल्याच हातानं आणलाय त्यानं.

देवाची घोंगडी काल मी डोक्यावर घेऊन हितल्या बिरोबाच्या देवळात गेले. नाक मी घासलं. पुजाऱ्याला म्हनलं, दोन म्हयनं कोकरं निजवली हिच्यावर, लेंड्या टाकल्या, आणि आन घातली सुनंला. तो म्हनला, म्हातारे, कोकरांचं देवाला काय न्हाय, धनगराचाच देव हाय तो. सुनंचं तू बघ. माफी मागून झाली, आता आन सुटली.

कोकरं बारकी हायत, लगीच येता येत न्हाय. अकरा तारखंला येतीया. बाराला तुझ्यासंगं दवाखान्यात चलतीया. तू होटगीला असलीस तर होटगीला येते, तुझ्या आईच्या दारात. आणि एक गोष्ट सांगायची हाय तुला. ती चन्नम्माच्या हातनं लिवायची न्हाय. ती मी माझ्या तोंडानं बोलणार हाय.

म्हाळसाबाई

*

सोलापूर
३ जानेवारी २०२६

आत्या,

कडी बसली. चार स्क्रू मोजून घेतले. खालचा बसवायला हे वाकले, "आई गं" म्हणाले आणि दाराला धरून तसेच थांबले. मी हसले नाही. पत्र वाचून दाखवलं. अर्ध्यावर म्हणाले, "बास कर." मी बास केलं नाही, तुमच्या अंगठ्यापर्यंत वाचलं. त्या रात्रीपासून ते खाली झोपतात आणि कूस वळताना कण्हतात. मॅडमचा नंबर दिलाय. जातील तर जातील.

तो चार मिनिटांचा व्हिडिओ मला नको. काढून टाकायला सांगा. पाठ गेली की माणूस कसं दिसतं, ते मला पुरेसं माहीत आहे. तुम्ही माझ्यासाठी केलंत, कळतं मला, पण असं चार माणसांत बसवून दाखवणं मला आवडलं नाही. माझं केलं तेव्हाही नाही, त्यांचं केलंत तेव्हाही नाही. आणि राजाला विकू नका. एवढं करून वाचवलाय, तो कुणा खाटकाकडं जायला नाही.

होटगीची पिशवी भरून दाराशी ठेवलीय. अजून गेले नाही, उघडलीही नाही. रोज कडी लावते, घोंगडी अंथरते. काल झीनत आली आणि म्हणाली, "मेरे घुटने बी दुखते, सिखा मेरेकू." बोलली म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याच खांद्यावर रडले. आता आम्ही दोघी करतो, ती तिची चादर घेऊन येते. सिमेंटची जाहिरात लागली की आता ती हात लांब करून बंद करते.

आज सकाळी नळावर चप्पल पायातून निघाली, आणि मला कळलं. तिथल्या तिथं कळलं.

अकराला या. तोंडानं जे बोलायचंय ते बोला, मी ऐकेन. लगेच माफ करेन असं लिहून देत नाही, माझा राग अजून अर्धाही उतरलेला नाही. पहिली एस.टी. दहाच्या सुमाराला पोचते, हे तुम्हाला माहीत आहे. दहा ते साडेदहा दाराला आतून कडी असेल. वाजवू नका. उंबऱ्यावर बसा, साडेदहाला मी उघडेन.

पूनम